आतड्याच्या कॅन्सरची तपासणी: अमेरिकेतल्या हिस्पॅनिक लोकांची प्रश्नावली नाशिकला लागू पडेल का?

सातपूरकर

नमस्कार मंडळी. सार्वजनिक आरोग्याच्या प्रकल्पासाठी सातपूर-अंबड एमआयडीसीतले ४५ ते ६० वयाचे कामगार आणि सिडकोतले ज्येष्ठ नागरिक संघ असा गट ठरला आहे. मोठ्या आतड्याच्या आणि गुदाशयाच्या कॅन्सरच्या तपासणीकडे लोक कसं बघतात, हा विषय. आपल्याकडचं लिखाण फार थोडं सापडतं. अमेरिकेतल्या हिस्पॅनिक म्हणजे लॅटिनो समाजावरचं मात्र ढीगभर आहे. त्या प्रश्नावल्या फिरून फिरून चार गोष्टींवर येतात: सगळं देवावर सोडणं (ते याला फतालिस्मो म्हणतात), पुरुषीपणा आड येणं (माचिस्मो), मागच्या वाटेने होणाऱ्या तपासणीची लाज आणि 'काहीतरी निघेल' ही धास्ती. वाचताना नावं बदलली तर हे सिडकोतलंच वाटतं.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. त्यातलीच एखादी प्रश्नावली मराठीत करून वापरली तर चालेल का? आणि प्रश्नांसोबत साधारण २०० जणांना शौचातलं न दिसणारं रक्त शोधायचं किट (एफआयटी) द्यायचा विचार आहे. मे महिन्यात मोकळा वेळ आहे, तेव्हाच वाटप. यात काय फसू शकतं?

मु_पो_ओझर

जशीच्या तशी वापरू नका. त्या अभ्यासांत एक गोष्ट वारंवार दिसते. नुसतं 'नशिबावर विश्वास आहे का' विचारलं तर तपासणी न करणाऱ्यांत होकार जास्त येतात. पण उत्पन्न, विमा, आणि ठरलेला डॉक्टर आहे की नाही हे हिशेबात धरलं की नशिबाचा तो प्रभाव बऱ्याच ठिकाणी फिका पडतो. उरतं काय, तर 'डॉक्टरांनी सांगितलं होतं का?' हा प्रश्न. डॉक्टरांनी नाव घेऊन सांगितलेलं असलं की माणूस करतो. न सांगितलेला माणूस कारण विचारल्यावर काहीतरी उत्तर देणारच, मग तो देवाचं नाव घेतो.

म्हणून मनोवृत्तीवरच्या निबंधांपेक्षा तिथे प्रत्यक्ष काय करून बघितलं ते आधी वाचा. सॅन फ्रान्सिस्कोत लॅटिनो, आशियाई, कृष्णवर्णीय, गोरे अशा मिश्र रुग्णांचे तीन गट केले. एका गटाला फक्त कोलोनोस्कोपी (गुदद्वारातून दुर्बीण घालून मोठं आतडं बघणं) सुचवली, दुसऱ्याला फक्त शौचाची तपासणी, तिसऱ्याला दोन्हींतून निवड. वर्षभरात तपासणी पूर्ण करणारे अनुक्रमे ३८, ६७ आणि ६९ टक्के. २०१२ साली हे छापून आलं. माणसं तीच, शहर तेच, नुसता पर्याय बदलला आणि आकडा जवळजवळ दुप्पट झाला. गोरे नसलेल्या रुग्णांचा कल शौचाच्या तपासणीकडे जास्त होता. टेक्सासच्या फोर्ट वर्थमध्ये विमा नसलेल्यांना घरपोच किट पाठवलं तेव्हा ४०.७ टक्क्यांनी तपासणी केली, कोलोनोस्कोपीचं निमंत्रण पाठवलं तेव्हा २४.६ टक्क्यांनी, आणि नेहमीच्या पद्धतीवर सोडलं तिथे १२.१ टक्क्यांनी (२०१३).

तुमच्या कामाचा खरा अभ्यास शिकागोचा, २०१४ चा. सामुदायिक आरोग्य केंद्रांतले ४५० रुग्ण, त्यातले ८७ टक्के लॅटिनो, बहुतेक विमा नसलेले. आधी एकदा शौचाची तपासणी केलेले हे लोक. वर्ष उलटल्यावर पुन्हा करतात का, हे बघायचं होतं. त्यांनी किट फुकट घरी पाठवलं, सोबत कमी शिकलेल्यालाही कळेल अशी चित्रांची चिठ्ठी आणि परत पाठवायला तिकीट लावलेलं पाकीट. मग आपोआप जाणारा फोन आणि मेसेज. दोन आठवड्यांत किट आलं नाही तर पुन्हा आठवण, आणि तीन महिन्यांनीही नाही आलं तर माणसाचा फोन. सहा महिन्यांत ८२ टक्के किटं परत आली. नेहमीच्या पद्धतीत ३७. आता ८२ टक्के लोकांचा फतालिस्मो पाकिटावरच्या तिकिटाने गेला म्हणायचं का?

लाज, भीती खोट्या आहेत असं मी म्हणत नाही. गुदद्वाराच्या तपासणीने पुरुषपणाला बट्टा लागतो ही भावना लॅटिनो पुरुषांच्या मुलाखतींत स्पष्ट येते, आपल्याकडेही येईल. पण इथे ती 'मला काय धाड भरलीये?' या वाक्याच्या मागे लपते. तेव्हा 'तुम्हाला लाज वाटते का' असं थेट विचारलंत तर सगळे 'नाही' म्हणतील. त्यापेक्षा असं विचारा:

'तुमच्या ओळखीचा माणूस संडासवाटे रक्त पडलं तर पहिल्यांदा कुठे जाईल?' (मेडिकल, वैदू, मूळव्याधीचा दवाखाना, फॅमिली डॉक्टर, कामगार विम्याचं ईएसआय रुग्णालय, सिव्हिल.)
'अशा तपासणीसाठी कामावर खाडा झाला तर पगार कापला जातो का?'
'तपासणीत काही निघालं तर घरात कुणाला सांगाल आणि कुणाला नाही?'

तिसऱ्या प्रश्नावर थांबून ऐका. मुलीचं लग्न ठरायचंय, म्हणून कॅन्सरचं नाव घरात काढायचं नाही, हे उत्तर कुठल्याच अमेरिकन प्रश्नावलीच्या चौकटीत बसत नाही.

आणि मूळव्याध! लॅटिनो साहित्यात हा मुद्दा चवीपुरता येतो. आपल्याकडे तोच मुख्य अडथळा आहे. रक्त पडलं की कोंब आलाय, हे घरातच ठरतं. मग भगंदर-मूळव्याधीच्या पाट्यांवरचे उपाय, क्षारसूत्र (औषध लावलेल्या दोऱ्याचा आयुर्वेदिक उपचार), काढे, आणि त्यात महिने जातात. भारतात गुदाशयातल्या गाठींचं प्रमाण मोठं आहे, आणि त्यातल्या बऱ्याच गाठी डॉक्टरांनी नुसतं बोट घालून तपासलं तरी हाताला लागतात. ती तपासणी केली होती का, हा प्रश्न यादीत हवाच.

एक शेवटचं. 'हिस्पॅनिक' हा एक समाज नाही. मेक्सिकन, पोर्तोरिकन, क्यूबन यांचे आकडे वेगळे येतात. तसं 'नाशिककर'ही एक नाही. सातपूरच्या कामगाराची प्रश्नावली मालेगावच्या यंत्रमागावर किंवा सुरगाणा-पेठच्या पाड्यावर नेऊ नका.

काचपट्टी

किटबद्दल लिहितो. पहिलं म्हणजे मे महिना रद्द करा. एफआयटी माणसाच्या हिमोग्लोबिनमधल्या ग्लोबिनला पकडते, आणि ग्लोबिन उष्णतेने मोडतं. इटलीत उन्हाळ्यातल्या नमुन्यांत पॉझिटिव्ह कमी निघाले, ते एवढ्यासाठीच. नाशिकच्या मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो, आणि पत्र्याच्या खोलीत किंवा स्कूटरच्या डिकीत त्याहून वर. रक्त असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येईल, आणि तो माणूस 'माझं सगळं क्लिअर आहे' म्हणून दोन वर्षं फिरेल. नोव्हेंबर ते जानेवारी घ्या.

दुसरं, लॅबच्या यादीत 'स्टूल ऑकल्ट ब्लड' एवढंच लिहिलेलं असतं. ती रासायनिक (ग्वायाक) आहे की इम्युनोकेमिकल (म्हणजे एफआयटी), हे विचारून घ्या. रासायनिक तपासणीला कुठल्याही प्राण्याचं रक्त चालतं. मटण, मुळा, सलगम यांनी खोटी पॉझिटिव्ह येते, आणि व्हिटॅमिन सी जास्त घेतलेलं असलं तर खोटी निगेटिव्ह. म्हणून तिला पथ्य लागतं. एफआयटीला पथ्य लागत नाही, लोहाच्या गोळ्या किंवा अ‍ॅस्पिरिन बंद करावं लागत नाही.

तिसरं, एफआयटीतही दोन प्रकार. एक पट्टीवर रेघ बघायची, दुसरी मशीनवर आकडा देणारी. पट्टीत फिकट रेघ एकाला दिसते, दुसऱ्याला दिसत नाही. शिवाय रक्त फारच जास्त असेल तर काही पट्ट्या उलट निगेटिव्ह दाखवतात. आकडा देणारी घेतलीत तर पॉझिटिव्हची रेषा कुठे ओढायची ते आधी ठरवा. अमेरिकेत साधारणपणे एक ग्रॅम शौचात २० मायक्रोग्रॅम हिमोग्लोबिन ही रेषा धरतात.

आता नमुना. सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, कारण किटवरची चित्रं कमोडची असतात. देशी संडासात शौच उतारावरून पाण्यात जातं आणि पाण्यात भिजलेला नमुना वाया. भांड्याच्या कोरड्या भागावर जुना वर्तमानपत्राचा कागद दुमडून ठेवायचा, किंवा रुंद तोंडाचा कागदी द्रोण. द्रोण लोकांना चटकन कळतो, पत्रावळीच्या दुकानात मिळतो. आधी लघवी करून घ्यायची, म्हणजे ती मिसळत नाही. काडीच्या टोकाला खाचा असतात. काडी पाच-सहा वेगवेगळ्या जागी पृष्ठभागावरून ओढायची, खोचायची नाही. खाचा भरल्या की पुरे. लोक 'जास्त दिलं तर चांगलं कळेल' म्हणून काडीवर गोळा चढवतात, तो बाटलीच्या तोंडाशी अडकतो नाहीतर द्रावण घट्ट होतं आणि नमुना फेकावा लागतो. काडी आत ढकलून टक् वाजेपर्यंत झाकण बंद. एकदा बंद केलेलं पुन्हा उघडायचं नाही.

बाटलीवर नाव आणि नमुना घेतल्याची तारीख, त्याच वेळी, बॉलपेनने. तारीख नसलेला नमुना लॅबला घेता येत नाही, आणि परत आलेल्यांत हीच चूक सर्वांत जास्त.

मासिक पाळी चालू असताना, पाळीनंतर दोन-तीन दिवस, मूळव्याधीतून उघड रक्त पडत असताना आणि लघवीत रक्त असताना नमुना नको. डोळ्याला रक्त दिसतंय त्याने तर किटच्या भानगडीत पडूच नये, त्याचं काम डॉक्टरांकडे.

गंगापूर_रोड

वरचं सगळं बरोबर, पण मुळात २०० निरोगी माणसांना किट वाटावं का, यावर माझं मत वेगळं आहे.

अमेरिकेत २०२१ पासून सर्वसाधारण जोखमीच्या माणसालाही ४५ व्या वर्षापासून तपासणी सांगतात, कारण तिथे हा आजार मुबलक आहे. लॅटिनोंमध्ये तो गोऱ्यांपेक्षा कमीच, पण सापडतो उशिरा. भारतात प्रमाण त्याहूनही बरंच कमी. सरकारी असंसर्गजन्य आजारांच्या कार्यक्रमात ३० वर्षांपुढच्यांसाठी तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीनच कॅन्सरची तपासणी आहे, आतड्याची नाही. तिथे प्रमाण कमी असण्याचा हिशेब आहे.

हिशेब असा. एफआयटी एका वेळी साधारण ७९ टक्के कॅन्सर पकडते, आणि निरोगी माणसाला निरोगी म्हणण्यात ९४ टक्के अचूक. म्हणजे २०० निरोगी लोकांत साधारण १२ जण उगाच पॉझिटिव्ह येणार. या गटात खरा कॅन्सर एक निघाला तरी पुष्कळ. मग त्या बारा जणांच्या कोलोनोस्कोपीचा खर्च कोण करणार? त्यांना 'तुमच्यात कॅन्सरची शंका आहे' असं सांगून सोडून देणं हे तपासणी न करण्यापेक्षा वाईट. महात्मा जोतिराव फुले योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात, लक्षणं नसलेल्या माणसाची चाळणी तिथे बसेल असं धरून चालू नका. कामगारांचं ईएसआय कार्ड आहे, तर सातपूरच्या ईएसआय रुग्णालयाशी आधी लेखी बोला.

किट वाटण्याऐवजी तीन प्रकारचे लोक शोधा. एक, आई-वडील, भाऊ-बहीण किंवा मूल यांपैकी कुणाला हा कॅन्सर झालेला: यांना ४० व्या वर्षापासून किंवा त्या नातेवाइकाच्या निदानाच्या वयाच्या १० वर्षं आधीपासून, जे आधी येईल तेव्हा, थेट कोलोनोस्कोपी. दोन, अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला सूज आणि व्रण येण्याचा जुनाट आजार) सुरू होऊन आठ वर्षं झालेले. तीन, लक्षणं असलेले: रक्त, अलीकडे बदललेली शौचाची सवय, पोट साफ झाल्यासारखं न वाटणं, वजन उतरणं. आणि ज्याची दखलच घेतली जात नाही ते, पुरुषाचं किंवा पाळी गेलेल्या बाईचं कमी हिमोग्लोबिन. कंपनीच्या वार्षिक तपासणीत पुरुषाचं एचबी ९ येतं, त्याला लोहाच्या गोळ्या देतात आणि फाइल बंद होते. ते रक्त कुठे गेलं, हे कुणी विचारत नाही. या फाइली तुम्हाला एमआयडीसीतच मिळतील.

सातपूरकर

गंगापूर_रोड सर, पटलं. मे रद्द. किट ठेवायचं झालं तर कोलोनोस्कोपीची सोय लेखी मिळाल्यावरच, नाहीतर फक्त प्रश्न आणि एचबीच्या फाइली. तरी एक अडचण उरते. कोलोनोस्कोपी म्हटल्यावर लोक पहिला प्रश्न विचारतात की आदल्या दिवशी काय करायचं असतं. दवाखान्यातली छापील चिठ्ठी 'लो रेसिड्यू डाएट' म्हणते आणि खाली टोस्ट, पास्ता वगैरे. मराठी घराला कळेल असं कुणी सांगेल का?

दुर्बीणवाली

सांगते. तपासणी वाया जाते ती बहुतेक वेळा पोट नीट साफ न झाल्याने, आणि पोट साफ होत नाही ते चिठ्ठी न कळल्याने. मग अर्धी दुर्बीण आत गेल्यावर डॉक्टर म्हणतात पुन्हा या, आणि तो माणूस काही पुन्हा येत नाही.

दोन-तीन दिवस आधीपासून बिया, साली आणि चोथा बंद. नाशिकमध्ये हे मुद्दाम सांगावं लागतं: द्राक्षं, बेदाणे, डाळिंब, पेरू, अंजीर, सगळं बंद. डाळिंबाचा दाणा आणि टोमॅटोची बी दुर्बिणीच्या शोषनळीत अडकते. वांगी, भेंडी, काकडी, पालेभाज्या, मोड आलेली कडधान्यं, मिसळ, बाजरी-नाचणीची भाकरी, तीळ, जवस, शेंगदाण्याचं कूट नको. चालतं काय, तर पांढरा मऊ भात, मुगाच्या डाळीचं पातळ वरण, सोललेला उकडलेला बटाटा, रव्याची खीर, अंडं, दही. उपास असेल तर साबुदाण्याची लापशी चालेल, खिचडी नाही, कारण शेंगदाणे.

लोहाच्या गोळ्या पाच ते सात दिवस आधी बंद, त्यांनी आतडं काळं आणि चिकट दिसतं. इसबगोलही बंद. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका आणि आपल्या मनाने चालूही ठेवू नका, ज्या डॉक्टरांनी दिल्या त्यांना विचारा. मधुमेहाचं तसंच. त्यातही डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातली गोळी असेल तर ती किमान तीन दिवस आधी थांबवायची असते, नाहीतर उपाशीपोटी रक्तात आम्ल वाढतं. लोकांना नाव माहीत नसतं, गोळ्यांचं पाकीटच घेऊन यायला सांगा.

आदल्या दिवशी सकाळी हलकं खाऊन झालं की पुढे फक्त आरपार दिसणारं पातळ. शहाळ्याचं पाणी, गाळलेलं लिंबू सरबत, वरणाचं वरचं निवळ पाणी, कोरा चहा. दूध आणि ताक नाही. लाल-जांभळं काहीच नाही: कोकम, बीट, काळ्या द्राक्षांचा रस. आत तो रंग रक्तासारखा दिसतो.

औषधाची पावडर (पॉलिइथिलीन ग्लायकॉल) सहसा २ लिटर पाण्यात. अर्धं संध्याकाळी, अर्धं तपासणीच्या चार ते सहा तास आधी, म्हणजे सकाळच्या नंबरासाठी पहाटे उठावं लागतं. सगळं रात्रीच पिऊन टाकणारे बरेच असतात, झोप मोडायला नको म्हणून. मग सकाळपर्यंत लहान आतड्यातून पित्ताचा चिकट थर येऊन उजव्या बाजूला बसतो, आणि उजव्या बाजूच्या चपट्या गाठी नेमक्या त्याखाली झाकल्या जातात. दर १०-१५ मिनिटांनी एक ग्लास, म्हणजे २५० मिली. चव खारट-गुळगुळीत असते. गार करून, लिंबू पिळून, स्ट्रॉने पिलं तर जातं. उलटी आली तर अर्धा तास थांबून पुन्हा सुरू. तपासणीच्या दोन तास आधी पाणीही बंद. किडनीचा आजार असलेल्याने फॉस्फेटचं औषध घ्यायचं नाही, ते आधीच सांगून ठेवा.

'झालं का साफ?' कसं ओळखायचं, तर शेवटी येणारं पाणी लघवीसारखं पिवळसर निवळ हवं. तपकिरी आणि गढूळ असेल तर नंबर लागायच्या आधी सिस्टरला सांगा, लपवू नका. चाळीत संडास सामायिक असेल तर ही रात्र नातेवाइकाकडे काढलेली बरी. सिडकोच्या जुन्या खोल्यांत लोकांना औषधापेक्षा याचीच चिंता असते, आणि तुमच्या प्रश्नावलीत हा प्रश्न अजून कुणी घातलेला नाही. व्हॅसलीन आधीच लावायला सांगा, सहाव्या-सातव्या वेळेनंतर आग होते.

झोपेचं इंजेक्शन देतात, त्यामुळे सोबत मोठा माणूस हवा आणि त्या दिवशी गाडी चालवायची नाही. बाईची तपासणी असेल तर खोलीत बाई असते. पुरुषांनाही मागे फाट असलेली चड्डी मिळते, पूर्ण कपडे काढावे लागत नाहीत. दवाखान्यागणिक फरक पडतो, म्हणून आधी विचारून घ्या. पण ही चड्डीची गोष्ट पुरुषांच्या घोळक्यात नक्की सांगा. विचारत कुणी नाही, ऐकतात सगळे.

काचपट्टी

किट ठरलंच तर एक राहिलं. 'नमुना फ्रिजमध्ये ठेवा' असं छापू नका. बऱ्याच घरांत फ्रिजमध्ये नैवेद्याचं दूध असतं, शौचाची बाटली तिथे कुणी ठेवणार नाही, आणि ठेवू न दिल्यामुळे नमुना खिडकीत उन्हात राहील. संध्याकाळी वाटप, दुसऱ्या दिवशी सकाळी ७ ते १० गोळा. कामगारांसाठी पहिल्या पाळीच्या आधी गेटवर. थंड पेटीत बर्फाची पिशवी घाला, पण बाटली तिला थेट टेकू देऊ नका, गोठली तरी नमुना बिघडतो.

मु_पो_ओझर

आणि वहीत तीन रकाने वाढवा: रिपोर्ट तोंडी कुणी सांगितला, कोलोनोस्कोपीची तारीख, प्रत्यक्ष झाली ती तारीख. पॉझिटिव्ह आलेल्याची एफआयटी 'खात्रीसाठी' पुन्हा करायची नाही, हे सगळ्या स्वयंसेवकांना आधी सांगा. दुसरी निगेटिव्ह आली की तो माणूस हातचा गेला. पॉझिटिव्हनंतर दहा महिन्यांच्या पुढे गेलेल्यांत कॅन्सर जास्त आणि पुढच्या टप्प्याचा सापडतो, हे अमेरिकेतल्या मोठ्या नोंदींत दिसलं आहे. तुम्ही मुदत एक महिन्याची धरा. आणि फोन नंबर दोन घ्या, एक त्याचा आणि एक घरातल्या बाईचा. पहिला बंद असतो.